हा उपास नव्हे

लिहून ठेवणार : भगवंत सोनाजी मिरगे, वय चौऱ्याहत्तर, एसटीतून निवृत्त कंडक्टर, मुक्काम सातखेड, तालुका जळगाव जामोद, जिल्हा बुलडाणा.

आज सोमवार, ८ डिसेंबर २०२५ रोजी मी माझ्या राहत्या घरात, माझ्या खाटेवर बसून, माझ्याच हाताने हे मृत्युपत्र लिहायला घेत आहे. डोके ठिकाणावर आहे. मला कोणी काही पाजलेले नाही, धाक घातलेला नाही, गोड बोलून फसवलेले नाही. ज्याने उभी हयात लोकांकडे सुटे पैसे मागण्यात घालवली, त्याला गोड बोलून फसवणारा अजून जन्माला यायचा आहे.

वकीलसाहेबांनी नमुना म्हणून एक कागद दिला होता. त्यात "देह नाशवंत असून मृत्यू केव्हा येईल याचा नेम नाही" असे वाक्य होते. ते मी गाळले. माझा नेम डॉक्टरांनी बऱ्यापैकी सांगितला आहे. अन्ननलिकेत गाठ आहे. भाकर पोळ्याच्या आधीच सुटली, दिवाळीनंतर भातही उतरेना. आता पातळ घेतो, त्यातले निम्मे परत येते. अकोल्याला नेऊन नळी टाकू असे डॉक्टर म्हणाले होते, मी नको म्हटले. तो माझा विचार आहे, त्यात कोणाचा दोष नाही.

घराची, पैशाची वाटणी पुढे येईलच. त्याआधी एक गोष्ट जाहीर करतो, कारण तिच्यासाठीच हा सारा खटाटोप आहे. मी जेवत नाही तो उपास नव्हे. तो आजार आहे.

असे लिहून द्यावे लागते याचे कारण गावाला ठाऊक आहे. मला या पंचक्रोशीत "उपासवाले भगवंतराव" म्हणतात. मी अन्न घेत नाही ही बातमी फुटली तेव्हापासून लोक दर्शनाला येऊन राहिले आहेत. भगवंतभाऊंनी अन्न सोडले, देह ठेवायला बसले, असे बोलतात. परवा एक बाई लेकराला घेऊन आली आणि त्याचे डोके माझ्या पायावर ठेवू लागली. मी तिच्यावर खेकसलो तर ती म्हणाली, महाराज रागावले म्हणजे कृपा झाली. यांना काय सांगावे! डॉक्टरांचा कागद दाखवला तरी हात जोडतात.

लोकांचे मी सोडून दिले असते. पण माझी मुलगी वैजयंता खामगावला असते. नवरा तेल गिरणीत कामाला आहे, ती स्वतः कॉलेजच्या पोरांची मेस चालवते. ही बातमी तिच्यापर्यंत गेली. तिने मला फोन केला नाही. माझा जुना सोबती शकूर ड्रायव्हर, त्याला केला. रडली नाही, चिडली नाही. एवढेच विचारले,

"या बारीले काय पाह्यजे त्याइले, काका?"

शकूरने मला ते जसेच्या तसे सांगितले. पुष्कळ जणांनी मला पुष्कळ काही बोलून घेतले आहे, तिकिटाच्या मागे शिवी ठरलेलीच असते. पण हे एक वाक्य शिवीहून जास्त लागले. पोरगी बरोबर बोलली. बापाने अन्न सोडले की त्याला काहीतरी पाहिजे असते, हे तिला मीच शिकवले आहे.

कलम एक. राहते घर

गावठाणातील माझे राहते घर, टिनाच्या पडवीसह आणि मागच्या लिंबाच्या झाडासह, माझी एकुलती एक मुलगी सौ. वैजयंता हिला देतो.

येथे मी पहिल्यांदा अटी लिहिल्या होत्या. घर विकू नये, आईच्या फोटोला दिवा लावावा, वर्षातून एकदा तरी येऊन जावे. लिहून झाल्यावर वाचले आणि कागद फाडला. अट ही उपासाचीच धाकटी बहीण आहे. तिने घर विकावे, भाड्याने द्यावे, कुलूप लावून किल्ली विहिरीत टाकावी. नको असेल तर नको म्हणावे. नको म्हटल्यास घर विकून पैसा कलम तीनमधल्या कामाला लावावा, आणि तिने नको का म्हटले हे गावात कोणी चघळू नये.

कलम दोन. ओटा

घरासमोरचा ओटा मी कोणालाच देत नाही. तो पाडावा. माझी राख सावडल्यानंतर पहिले काम ते करावे, मजुरी माझ्या खात्यातून द्यावी.

हा ओटा मीच बांधला आणि गल्लीत पुढे आणून बांधला. ग्रामपंचायतीने तोंडी सांगितले होते, मी ऐकले नाही. सरकारी नोकराच्या घराला ओटा पाहिजे अशी तेव्हा माझी समजूत होती. त्यामुळे गल्ली कोपऱ्यावर एवढी आवळली की बैलगाडी वळवायची तर एक बैल आधी सोडावा लागतो.

याच गल्लीतून देवीची मिरवणूक जाते आणि याच गल्लीतून दर्ग्याचा संदल जात असे. एका वर्षी दोन्ही एकाच दिवशी आले. कोपऱ्यावर गर्दी अडली, ढकलाढकली झाली, कोणाची तरी गॅसबत्ती फुटली, मग दगड आले. नशिबाने जीव कोणाचा गेला नाही. पण महिनाभर दोन्ही मोहल्ल्यांतली माणसे एकमेकांच्या दुकानावर चढेनात. तेव्हा मी रजा टाकून उपासाला बसलो. कोठे बसलो? याच ओट्यावर. दोन्ही बाजूंचे भांडण मिटेपर्यंत पाण्याशिवाय काही घेणार नाही म्हणालो. लोक आले, भजने झाली, फोटो छापून आला.

भांडण मिटले. संदल यापुढे मागच्या नाल्याच्या वाटेने जाईल असे शकूरच्या लोकांनी लिहून दिले. देवीच्या बाजूने काय लिहून दिले? काही नाही. त्यांना कोणी मागितलेच नाही. माझा सत्कार झाला, शाल मिळाली, मी भाषणही केले.

पुढे कितीतरी वर्षांनी, आम्ही दोघे निवृत्त झाल्यावर, शकूरची बायको खुर्शीदा एकदा चहा देता देता बोलून गेली. त्या दिवसांत त्यांच्या घरात कोणाला झोप नव्हती. भगवंतभाऊ मेले तर नाव आपल्यावर येईल, मग हे गाव आपल्याला ठेवणार नाही, एवढीच सगळ्यांना भीती. म्हणून त्यांनी सोडले. मन वळले म्हणून नाही, घाबरले म्हणून. मी खुर्शीदाला विचारले, मग तेव्हा बोलला का नाहीत? ती म्हणाली, उपाशी माणसाशी कोण भांडणार?

ज्या शकूरने माझ्याशेजारी स्टिअरिंगवर बसून अख्खी नोकरी काढली, त्याने हे मला कधी कळू दिले नाही. आणि मला कळायला एवढा वेळ का लागला? ज्या ओट्यामुळे भांडण झाले त्याच ओट्यावर बसून मी शांतता मागत होतो आणि दोन्ही मोहल्ले माझ्या पाया पडत होते. कोणाच्या लक्षात आले नसेल असे नाही. बोलायची सोय मी ठेवली नव्हती. ओटा पाडा. नंतर संदल जुन्या वाटेने आणायचा की नाही, ते त्यांनी ठरवावे.

कलम तीन. ठेव

माझ्या नावावर असलेली बँकेतील मुदत ठेव मला तपासणारे डॉ. धम्मरत्न पंजाबराव तायडे यांच्या हवाली करावी. हेच या मृत्युपत्राचे व्यवस्थापक आहेत. ठेवीच्या व्याजातून सातखेडच्या ज्या मुली पोलीस भरतीची तयारी करतील त्यांना धावायचे बूट घेऊन द्यावेत. चांगले घ्यावेत. बाजारातले स्वस्त कॅनव्हासचे नको, त्यांचा तळवा महिन्याभरात सुटतो.

हे मला कसे माहीत, तेही लिहितो. वैजयंता भरतीसाठी कॅनव्हासच्या बुटांत धावायची. माझी पहिली गाडी जळगावहून नांदुऱ्याकडे सुटायची तेव्हा ती गावाच्या फाट्यावर धावताना दिसे. शकूर हॉर्न द्यायचा, ती हात वर करायची. मी खिडकीबाहेर बघायचो नाही. मला ते पसंत नव्हते. माझ्या घरात काठी येणार नाही असे मी तिला सांगितले होते. अहिंसेने चालणाऱ्या माणसाच्या पोरीने लोकांना दंडुके मारायचे, ही गोष्ट मला खपणार नव्हती. ती एकदा म्हणाली होती, बाबा, गावात दगड आले तेव्हा मधे उभ्या राहिल्या त्या दोन पोलीस बायाच होत्या, त्यांनी कोणाला मारलं नाही, फक्त हात पसरून उभ्या राहिल्या. मी म्हणालो, मला शिकवू नको.

तिची निवड झाली. गावाने पेढे खाल्ले. मी ताट सरकवले.

इथे माझ्या घरची एक रीत सांगणे जरूर आहे, नाहीतर पुढचे कळणार नाही. माझी पत्नी जनकाबाई मी जेवल्याशिवाय जेवत नसे. त्या काळच्या पुष्कळ बायकांची तीच रीत होती. मी रात्री उशिरा ड्यूटीवरून आलो तरी ती तशीच बसलेली असायची. मला ते आवडायचे, खोटे कशाला बोलू. आता बेरीज करा. घरात मी जितके उपास केले तितके तिनेही केले. धाकट्या भावाने वाटणी मागितली तेव्हा मी जेवलो नाही, तीही जेवली नाही. तिने माहेरच्या लग्नाला जायचे म्हटले तेव्हा मी जेवलो नाही, तीही जेवली नाही. मला गावाने नमस्कार केला. तिला कोणी विचारले नाही की बाई तू काही खाल्लेस का. मीही नाही.

तिला शुगर होती. वैजयंताच्या वेळी मी ओट्यावर न बसता घरात बसलो, कारण मामला घरचा होता. लिंबूपाणी घेत होतो. आमच्या शेजारीण बनाबाई यांनी तेव्हा गावभर केले होते की भगवंत लिंबूपाण्यात साखर घालून पितो. या गोष्टीवरून मी त्यांच्याशी आजतागायत बोललो नाही. ते खरे होते. दोन चमचे घालायचो. जनकाबाई स्वतःच्या हाताने ढवळून द्यायची, स्वतः घेत नव्हती. तिच्या मनात उपास म्हणजे उपास. गोळी मात्र सकाळ-संध्याकाळ घ्यायची, डॉक्टरने चुकवू नका म्हटले होते ना. रिकाम्या पोटी शुगरची गोळी म्हणजे काय, ते तिला ठाऊक नव्हते आणि मला ठाऊक करून घ्यायचे नव्हते.

चौथ्या दिवशी मला भेटायला आलेल्या लोकांना चहा देताना ती स्वयंपाकघराच्या उंबरठ्यावर पडली. तोंडातून शब्द निघेना, घामाने लुगडे भिजले. शकूरने तिला उचलून जीपमध्ये घातले. मी उठलो नाही. खोटे लिहायचे नाही असे ठरवले आहे म्हणून लिहितो : मला वाटले, आता उठलो तर उपास मोडेल.

दवाखान्यातून वैजयंता संध्याकाळी परत आली. माझ्यापुढे उभी राहिली आणि म्हणाली, "बाबा, जेवा. मी नाही जात."

आणि मी जेवलो. मला भूक लागली होती. तिने वाढले, वरण-भात होता, मी दुसऱ्यांदा मागून घेतला. तिच्या आईला तेव्हा सलाईन लागलेले होते.

जनकाबाई त्यातून उठली, पण पहिल्यासारखी झाली नाही. दोन वर्षांनी किडन्या गेल्या आणि ती गेली. ते त्याच्यामुळेच झाले असे डॉक्टर म्हणत नाहीत. मी म्हणतो. मी तिच्यावर कधी हात उचलला नाही, हे सगळे गाव सांगेल. हात उचलला असता तर चार लोक मधे तरी पडले असते.

लग्न वैजयंताने मी ठरवले तिथे केले. जावई भला माणूस आहे, ती माझी हुशारी नव्हे. आईच्या तेराव्यानंतर ती या घरात जेवलेली नाही. येते, बसते, पाणी पिते, जाते. तिच्या मेसमध्ये एवढी पोरे जेवतात, मी तिथे एकदाही जेवलो नाही, कारण तिने बोलावले नाही. हा माझा तिच्यावरचा शेवटचा राग होता. तोही येथे सोडतो. ज्या बापाच्या ताटाची पोरीला भीती वाटते, त्याला तिने कशाला जेवायला बोलवावे?

कलम चार. कळवण्याबाबत

मी मरेपर्यंत वैजयंताला माझ्या आजाराबद्दल कोणीही काही कळवू नये. मी जेवत नाही हे माझ्याकडून तिला सांगणे म्हणजे पुन्हा तिच्या गळ्याला फास टाकणे होईल. ती आली तर भीतीने येईल, आणि तशी मला नको. मी गेल्यावर हे मृत्युपत्र तिला वाचायला द्यावे, म्हणजे खरे काय ते तिला समजेल.

कलम पाच. किरकोळ वस्तू आणि जुनी भांडणे

माझा तिकीट पंच. हा मी निवृत्त होताना ठेवून घेतला, तशी नियमात परवानगी होती की नव्हती ते आता विचारू नये. हा शकूरला द्यायचा होता, पण वकीलसाहेब म्हणाले की साक्षीदाराला किंवा त्याच्या बायकोला मृत्युपत्रातून काही देता येत नाही. कायद्याला दोस्ती कळत नाही. म्हणून पंच शकूरची नात मलिहा हिला देतो. ती आली की वर्तमानपत्राला भोके पाडत बसते. तिला पाडू द्यावीत, पुस्तके तेवढी लांब ठेवावीत.

सत्काराची शाल ज्या मंडळाने दिली त्या मंडळाला परत करावी. मंडळ बंद पडले असल्यास म्हशीच्या पाठीवर घालावी, थंडीचे दिवस आहेत.

बनाबाई यांना माझ्या मागच्या लिंबाची सगळी लिंबे, झाड आहे तोवर, तोडण्याचा हक्क. सोबत एक किलो साखर द्यावी. त्या समजतील, आणि बोलायच्या त्या बोलतील.

डॉ. धम्मरत्न यांना मी काही देत नाही, उलट काम देतो. पण त्यांच्या वडिलांची एक गोष्ट माझ्याकडे आहे ती परत करतो. मी नवीन कंडक्टर होतो, डोके तापट. खामगावच्या गाडीत पंजाबराव तायडे दारात पोते ठेवून उभे होते. सरकवा म्हटले, जागा नाही म्हणाले, मी त्यांच्या थोबाडीत मारली. भरल्या गाडीत. ते बौद्धवाड्यातले होते. दुसरा कोणी असता तर माझा हात उठला असता का, हे मी तेव्हा स्वतःला विचारले नाही. आता विचारतो तेव्हा जे उत्तर येते ते मला आवडत नाही. पंजाबरावांनी गाल चोळला आणि एवढेच म्हणाले, "मारून झालं असन तं तिकीट द्या."

त्या दिवशी मी शपथ घेतली की कोणावर हात उचलायचा नाही. ती मी पाळली. लोक मला अहिंसावादी म्हणू लागले, मलाही ते गोड लागले. पण शपथ हाताने घेतली होती, रागाने नव्हे. हात बांधला तेव्हा राग पोटात उतरला आणि तेथून उपास होऊन बाहेर आला. पंजाबराव त्या दिवशी जे करून दाखवून गेले ते मला उभ्या जन्मात जमले नाही. त्यांनी मला मारले नाही, आणि माझ्याकडून काही मागितलेही नाही, हक्काच्या तिकिटाशिवाय. धम्मरत्न म्हणतात की वडिलांनी ही गोष्ट घरी कधी सांगितली नाही. मी त्यांची माफी जिवंतपणी मागायला हवी होती. रोज त्याच गाडीने जात होते ते, रोज तिकीट देत होतो मी.

मला आता जे थोडे समजते ते असे. मारले नाही म्हणजे अहिंसा झाली असे नाही. समोरच्याला नाही म्हणता येते का, आणि नाही म्हटल्यावरही तो आपल्यापाशी पहिल्यासारखा बसू शकतो का, ते बघावे. गावाचेही तेच. एका बाजूने गप्प बसून गावात शांतता राहत असेल, तर ती शांतता तपासून घ्यावी. गाडीत घंटी एकट्या कंडक्टरची नसते. उतारूने एकदा वाजवली तरी गाडी थांबवायची असते. माझ्या घरात घंटीची दोरी मी माझ्याच हातात ठेवली होती.

कलम सहा. माझ्या मागे

देहाला अग्नी द्यावा, हळहळ थोडी करावी. माझ्या नावाने कोणी उपास धरू नये. पुतळा, फलक, चौकाला नाव असले काही करू नये. तेरवी करावी. तिच्यात पहिली पंगत बायकांची बसवावी आणि पुरुषांनी वाढावे. बाया जेवून उठल्याशिवाय कोणा पुरुषाने घास घेऊ नये. भूक लागेल. लागू द्या.

कलम सात. कलम चार रद्द

हे मी बुधवारी लिहीत आहे. मंगळवारी शकूर आला होता. साक्षीदाराने मजकूर वाचलाच पाहिजे असे काही नाही, पण त्याने चष्मा लावला आणि वाचला. शाळा चौथीपर्यंतची, त्यामुळे सावकाश वाचतो. कलम दोनवर नाक पुसले. कलम चारवर आला तेव्हा कागद खाली ठेवला.

म्हणाला, "भगवंता, हे काऊन लिहिलं बे? पोरीले सांगू नका म्हणतं, हाबी तुहा उपासच हाय."

मी म्हणालो, मी तिला मोकळी ठेवतो आहे.

"कायची मोकळी? तू मरशीन, मंग तिले कळन का बाप खरंच बिमार होता आन् आपण त्याले टोमणा मारला. जन्मभर तिच्या घशाखाली घास उतरन का? तू मेल्यावरबी तिले उपाशी ठेवून राह्यला."

मी रागावलो. म्हणालो, मग काय करू, ये म्हणून निरोप पाठवू? तेही तिच्यावर ओझेच. शकूर म्हणाला, ये म्हणू नको अन् येऊ नको म्हणू नको, बिमारी काय आहे तेवढं सांग, पुढचं तिच्यावर सोड. ते सोडायचंच तर तुला कधी जमलं नाही.

तो गेल्यावर मी कलम चार पुन्हा वाचले. त्याचे खरे होते. मी कलम चारमध्ये तिचा निर्णय पुन्हा एकदा मीच घेतला होता. बोलून नाही तर न बोलून. गाठ घशाखाली असूनही माणूस सुधारत नाही, काय म्हणावे याला.

म्हणून कलम चार रद्द समजावे. शकूर आज सकाळच्या गाडीने खामगावला गेला आहे. डॉ. धम्मरत्न यांनी तपासणीच्या कागदाची प्रत दिली आहे, ती त्याच्याजवळ आहे. माझा निरोप मी त्याच्याकडून दोनदा पाठ म्हणवून घेतला : बाबाला गाठ आहे, गिळता येत नाही, हा उपास नाही, त्यांना काही नको. याच्यापुढे शकूरने एक शब्द बोलू नये असे बजावले आहे. तो बोलेल, त्याचा स्वभाव आहे, पण बजावले आहे.

ती येईल की नाही हे मला माहीत नाही. यावी असे मला वाटते. खूप वाटते. हे वाटणे माझे आहे, ते तिला देण्याच्या मालमत्तेत धरू नये.

शेवटचे

आज गुरुवार. शकूर काल संध्याकाळी परत आला, हातात स्टीलचा डबा. त्याच्यासमोर वैजयंताने तपासणीचा कागद वाचला, घडी घातली, मेसच्या पोरांचे जेवण आटोपेपर्यंत काम करत राहिली. मग मागे जाऊन पेज शिजवली, कापडातून गाळली, डब्यात भरली. निरोप असा :

"बाबाले सांगजा, रविवारी येतो मी. ते जेवत नाहीत म्हणून नाही. रविवारी मेसले सुटी रायते म्हणून."

आणि डबा धुऊन परत पाठवायचा आहे, तो मेसचा आहे.

रविवारपर्यंत मी असेन असे डॉक्टर म्हणतात. नसलो तर तिच्या येण्याचे कारण बदलत नाही, सुटी असतेच. माझे म्हणणे संपले. वरील सर्व मजकूर मी वाचून पाहिला, तो माझा आहे आणि खरा आहे. यापूर्वी मी दुसरे मृत्युपत्र केलेले नाही. खाडाखोड जिथे आहे तिथे मीच केली आहे आणि ती तशीच राहू द्यावी.

सही : भगवंत सोनाजी मिरगे
मुक्काम सातखेड, दिनांक ११ डिसेंबर २०२५

साक्षीदार क्रमांक एक : मी, डॉ. धम्मरत्न पंजाबराव तायडे, लिहून देतो की लिहून ठेवणार यांना मी तपासले असून ते पूर्ण शुद्धीवर आहेत व त्यांनी माझ्या व दुसऱ्या साक्षीदाराच्या समक्ष सही केली. त्यांचे अन्न न घेणे हे अन्ननलिकेतील गाठीमुळे आहे, कोणत्याही व्रतामुळे वा मागणीमुळे नाही. कलम पाचमधील माझ्या वडिलांविषयीचा मजकूर मी वाचला. त्यांच्या वतीने माफी देण्याचा अधिकार मला नाही. वाचला, एवढे लिहितो. (सही)

साक्षीदार क्रमांक दोन : मी, शेख शकूर शेख करीम, निवृत्त ड्रायव्हर, राहणार सातखेड. भगवंतानं आमच्या समोर सही केली. सही कराच्या आंधी पोरीनं पाठवलेली पेज चमच्यानं खाल्ली. पयला चमचा वापस आला. दुसरा उतरला. तिसरा त्यानं सोताहून मांगला. मी गवाही देतो का उपास नाही. (सही)